टीएलडी: एचआयव्हीवरची रोजची एक गोळी, वापरणारीचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार डबीचा कापलाय, गोळीचा नाही, हे आधीच सांगून टाकते.

टीएलडी म्हणजे टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०, तिन्ही औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा, जेवणाआधी घ्या नाहीतर नंतर घ्या. सरकारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सेंटरला, फुकट मिळते. मी सातारा जिल्ह्यातली, शिवणकाम करते, नवऱ्याला निघालं आणि मग माझी टेस्ट केली तर मलापण निघालं, तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. आधी टीएलई नावाची जुनी गोळी होती, मग २०२१ च्या आसपास सेंटरने एकेकाला टीएलडीवर घेतलं तेव्हा मलाही बदलून दिली, त्यामुळे दोन्ही वापरून झाल्यात आणि काय फरक आहे ते सांगू शकते.

डबीचं एकदाचं बोलून घेऊ. पांढरी प्लास्टिकची डबी, आत तीस गोळ्या आणि ओल शोषणारी एक पुडी. गोळी लांबट आणि मोठी, पण गिळायला त्रास नाही. त्रास आवाजाचा आहे. पर्समध्ये टाकली की खुळखुळ खुळखुळ, एसटीत शेजारची बाई विचारणारच, काय गं एवढं वाजतंय. आमच्यातल्या कितीतरी बायका डबीत कापूस कोंबतात, लेबल भिजवून खरवडून काढतात, कुणी तर गोळ्या काढून कागदात गुंडाळून ठेवतात जे करू नये कारण पावसाळ्यात ओल लागते. डबी स्वस्त पडते आणि दमटपणा आत जात नाही हे मला पटतं, पण घरात सासूला नणंदेला माहीत नसलेल्या बाईला महिन्याची डबी लपवायला काय काय करावं लागतं हे बनवणाऱ्याने एकदा बघावं. अर्धा स्टार तिथे गेला.

आता जुन्या गोळीशी तुलना. टीएलईत डोल्युटेग्राविरच्या जागी एफाव्हिरेन्झ असायचं, ६०० मिलिग्रॅम, रात्री झोपतानाच घ्यायची कारण घेतली की डोकं गरगरतं. आणि स्वप्नं, बाप रे स्वप्नं, इतकी खरी वाटणारी की सकाळी उठून मी मेलेल्या माणसांशी काय बोलले ते आठवत बसायचे. तुपकट तेलकट जेवणावर घेतली तर अजून चढायची म्हणून सणावाराला पुरणपोळी खाताना पण विचार करावा लागायचा. आमच्याआधीच्या लोकांचं तर त्याहून वाईट होतं, त्यांच्यात स्टॅव्हुडिन नावाचं औषध होतं, त्याने गाल आत जायचे आणि हातपाय काटकुळे व्हायचे, चेहरा बघूनच गावात लोकं ओळखायची. झिडोव्हुडिनने रक्त कमी व्हायचं, नेव्हिरापिनने अंगावर पुरळ उठायचं. टीएलडीने यातलं बरंचसं संपवलं. सकाळी चहानंतर घेते, दिवसभर मशीनवर बसते, गरगर नाही काही नाही.

पण नुसतं साइड इफेक्ट कमी म्हणून मी एवढे स्टार देत नाहीये. ही गोळी नेमकं कुठे काम करते हे समजलं ना की तिची खरी किंमत कळते, आणि त्यासाठी हा व्हायरस अंगात काय करतो ते आधी बघावं लागतं. मला हे सेंटरच्या काउन्सेलर ताईंनी कागदावर चित्रं काढून सांगितलं, नंतर मी स्वतः वाचत गेले, बारावी सायन्स होते मी, तेवढा तरी उपयोग.

एचआयव्ही स्वतःच्या जिवावर एकाचे दोन होऊ शकत नाही. मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक, एवढाच त्याचा आकार. आत आरएनएच्या, म्हणजे त्याची सगळी माहिती लिहिलेल्या साखळीच्या, दोन प्रती, प्रत्येकी साधारण ९,७०० अक्षरांची, आणि त्यात फक्त नऊ जीन्स म्हणजे जनुकं. माणसाच्या डीएनएत तीनशे कोटींच्यावर अक्षरं आहेत. म्हणजे एवढीशी माहिती घेऊन तो येतो आणि बाकी सगळं सामान आपल्या पेशीचं वापरतो. आणि पेशी कुठली तर सीडी४ पेशी, जी आजाराशी लढताना बाकीच्या पेशींना काय करायचं ते सांगते. धडधाकट माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये या साधारण ५०० ते १,५०० असतात.

व्हायरसच्या बाहेरच्या आवरणावर जीपी१२० नावाचं प्रोटीन असतं, ते सीडी४ ला चिकटतं. पण तेवढ्याने आत शिरता येत नाही, चिकटल्यावर त्याचा आकार बदलतो आणि मग त्याला दुसरं एक प्रोटीन धरावं लागतं, बहुतेक वेळा सीसीआर५, कधी सीएक्ससीआर४. आपल्या भारतात जो सी प्रकारचा व्हायरस जास्त आहे तो मुख्यतः सीसीआर५ धरतो. दोन्ही धरली की जीपी४१ नावाचा भाग पेशीच्या आवरणात घुसतो आणि दोन्ही आवरणं एकत्र होतात, आतला माल पेशीत. काही लोकांच्यात जन्मतःच ते सीसीआर५ धड तयार होत नाही, युरोपातल्या लोकांच्यात हे जास्त दिसतं, अशा माणसाचा बोनमॅरो टिमोथी रे ब्राऊन नावाच्या अमेरिकन माणसाला बर्लिनमध्ये २००७ आणि २००८ ला दिला होता, त्याला ब्लड कॅन्सर होता म्हणून, आणि त्याचा एचआयव्ही गेला. पहिला बरा झालेला माणूस. पण ते ऑपरेशन इतकं जीवघेणं आहे की कॅन्सर नसताना नुसत्या एचआयव्हीसाठी कुणी करत नाही, म्हणून "परदेशात बरा झाला की एक जण, मग आपल्याला का देत नाहीत" असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

टीएलडी या शिरण्याच्या पायरीला हात लावत नाही. व्हायरस आत येतो, येऊ दे. तिचं काम पुढे आहे.

पुढे काय तर आरएनएचा डीएनए करायचा. साधारण सगळ्या सजीवांच्यात डीएनएवरून आरएनए बनतो, हा उलटा जातो, आणि हे उलटं काम करणारं एन्झाइम तो स्वतःबरोबर घेऊन येतो, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. हे एन्झाइम १९७० ला हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर या दोघांनी वेगवेगळं शोधलं, दुसऱ्याच व्हायरसमध्ये, तेव्हा एचआयव्हीचं नाव पण कुणाला माहीत नव्हतं, १९७५ ला त्यांना नोबेल मिळालं. एचआयव्ही पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९८३ ला सापडला. म्हणजे औषध कुठे मारायचं ती जागा व्हायरस सापडायच्या तेरा वर्षं आधीच माहीत झाली होती, मला हे वाचून फार नवल वाटलं होतं.

टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन इथे काम करतात. दोन्ही डीएनएच्या अक्षरांसारखी दिसतात. पेशीत गेल्यावर पेशीच त्यांना फॉस्फेट जोडून तयार करते, मग रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज साखळी बनवता बनवता फसून खऱ्या अक्षराच्या जागी हे खोटं अक्षर लावतं, आणि त्या खोट्या अक्षराला पुढचं अक्षर जोडायला जागाच नसते. साखळी तिथे तुटली. डीएनए अर्धवट, उपयोग शून्य.

मग प्रश्न येतो की एवढं चांगलं काम होतंय तर एकच औषध का नाही देत, तीन कशाला. त्याचं कारण हेच एन्झाइम. ते धांदरट आहे. उतरवून घेताना चुका करतं आणि चूक तपासून दुरुस्त करायची सोय त्याच्यात नाही. औषध नसलेल्या माणसाच्या अंगात रोज अंदाजे एक हजार कोटी नवीन व्हायरस तयार होतात, हा हिशोब १९९६ मध्ये मांडला गेला. एक हजार कोटी नवे, जेमतेम दहा हजार अक्षरं आणि उतरवताना होणाऱ्या चुका, आता तुम्हीच हिशोब करा, कुठल्याही एका अक्षराचा बदल हा रोज कुठेतरी होतच असणार, आणि त्यातला एखादा बदल नेमका तुमच्या औषधाला दाद न देणारा. झिडोव्हुडिन १९८७ ला आलं तेव्हा एकटं द्यायचे, लोकांना थोडे महिने बरं वाटायचं आणि मग औषध लागू पडेनासं व्हायचं, ते याच कारणाने. तीन औषधांना एकाच वेळी चुकवायचं तर एकाच व्हायरसमध्ये सगळे बदल एकदम व्हावे लागतात, ते फार अवघड, आणि तीन-तीन औषधं एकत्र द्यायला लागल्यापासून, म्हणजे १९९६ नंतर, माणसं मरायचं प्रमाण झपाट्याने कमी झालं. म्हणून कुणी हुशारी करून "मी दोन दिवसाआड घेतो, चालतंय" म्हणत असेल तर त्याला समजावा, व्हायरसला सराव करायला सुट्टी देतोय तो.

आता डोल्युटेग्राविर, या गोळीचा खरा हिरो.

समजा काही डीएनए साखळ्या तरीपण पूर्ण झाल्या. आता तो डीएनए पेशीच्या न्यूक्लियसमध्ये आपल्या डीएनएच्या मध्ये जोडायचा असतो. व्हायरसचं सगळं सामान एका निमुळत्या कोनासारख्या खोक्यात असतं, आधी वाटायचं हे खोकं बाहेरच फुटतं, पण अलीकडे २०२०-२१ च्या सुमारास दिसलं की ते न्यूक्लियसच्या भोकातून जवळजवळ आख्खंच आत जातं. तिथे इंटिग्रेज नावाचं दुसरं एन्झाइम आपला डीएनए कापतं आणि व्हायरसचा डीएनए मध्ये शिवून टाकतं. गावाकडच्या माणसाला हे लगेच कळेल असं सांगते, सातबाऱ्यावर परक्याचं नाव चढवल्यासारखं आहे हे. एकदा नोंद झाली की झाली, पुढे जमिनीच्या जितक्या वाटण्या होतील तितक्या सगळ्या उताऱ्यांवर ते नाव येणार, तसंच ही पेशी जितक्या वेळा दुभागेल तितक्या वेळा व्हायरसची नोंद पुढच्या पेशीत जाणार. डोल्युटेग्राविर ही नोंद होऊच देत नाही. जोडता न आलेला डीएनए तिथेच स्वतःभोवती गोल वळून पडून राहतो आणि त्याचं काही होत नाही.

पण जुनी नोंद रद्द करायची ताकद या गोळीत नाही. कुठल्याच गोळीत नाही अजून. हे पुढे सांगते.

आधी ते अँटासिडचं, कारण रिव्ह्यू वाचणाऱ्याला रोजच्या वापरात हेच लागणार आहे. इंटिग्रेजला काम करायला मॅग्नेशियमचे दोन कण लागतात, ते त्याच्या कामाच्या जागेवर बसलेले असतात. डोल्युटेग्राविर जाऊन त्या दोन कणांनाच घट्ट धरतं आणि तिथे ठाण मांडून बसतं. किती घट्ट तर प्रयोगात त्याला निम्मं सुटायला ७१ तास लागले, त्याच जातीच्या आधीच्या राल्टेग्राविरला नऊ तास पण लागत नव्हते. म्हणून हे इतकं भरवशाचं. पण धातू धरायची ही सवय त्याला पोटात असताना पण असते ना. तुम्ही गोळीबरोबर मॅग्नेशियम अॅल्युमिनियमवालं अँटासिड घेतलं, लोहाची गोळी घेतली, कॅल्शियम घेतलं, तर ते पोटातच त्या धातूला धरून बसतं आणि रक्तात जातच नाही पुरेसं. ज्या गुणाने औषध काम करतं त्याच गुणाने ते वाया जातं. हे मला कळलं तेव्हा मी अक्षरशः गिऱ्हाइकाचं ब्लाऊज बाजूला ठेवून बसले होते, काय डोकं लावलंय असं वाटलं.

तर नियम असा आहे: अँटासिड घ्यायचं असेल तर टीएलडी त्याच्या दोन तास आधी नाहीतर सहा तासांनंतर. लोह कॅल्शियमचं पण तेच, फक्त त्यांच्या बाबतीत एक सोय आहे की भरपेट जेवणाबरोबर घेतलं तर टीएलडीसोबत एकाच वेळी चालतं. उपाशीपोटी दोन्ही एकत्र अजिबात नको. मी बाई माणूस, हिमोग्लोबिन कायम कमी, त्यामुळे लोहाची गोळी मला लागतेच, मी टीएलडी सकाळी आणि लोह रात्री असं ठेवलंय, लक्षात ठेवायला सोपं. गरोदर बायकांना तर लोह कॅल्शियम दोन्ही चालू असतं, आणि आशाताई वेगळं सांगतात, एआरटीवाले वेगळं, मेडिकलवाला तिसरंच, त्यांनी हे नक्की विचारून घ्यावं.

अजून दोन गोष्टी. टीबी झाला आणि रिफाम्पिसिन चालू केलं तर ते डोल्युटेग्राविर लवकर संपवून टाकतं, म्हणून बारा तासांनी डोल्युटेग्राविर ५० ची जादा गोळी देतात, टीबीच्या डॉक्टरला आपलं एआरटी चालू आहे हे सांगायला लाजू नका. आणि शुगरवाल्यांनी मेटफॉर्मिनचा डोस डॉक्टरला विचारावा, या गोळीने मेटफॉर्मिन रक्तात वाढतं, दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत. स्वतःच्या मनाने कमी-जास्त काही करू नका.

आता त्या जुन्या नोंदींचं. नोंद झालेली पेशी कामाला लागली की आपलीच यंत्रणा त्या डीएनएवरून व्हायरसचे आरएनए काढते, प्रोटीन बनवते, सगळं सामान पेशीच्या कडेला जमतं आणि आपल्याच पेशीच्या आवरणाचा तुकडा पांघरून नवा व्हायरस बाहेर पडतो. बाहेर पडला तेव्हा तो कच्चा असतो, मग प्रोटिएज नावाचं तिसरं एन्झाइम आतली लांबलचक प्रोटीनं कापून नीट तुकडे करतं, तेव्हा कुठे तो दुसऱ्या पेशीला लागण करण्यालायक होतो. या पायरीवर टीएलडी काही करत नाही, तिथली औषधं वेगळी, अॅटाझानाविर, लोपिनाविर, डारुनाविर, ती आधीची औषधं लागू पडेनाशी झाली की पुढच्या लाइनला देतात. अशी चालू असलेली पेशी दोन-तीन दिवसात मरते. गोळीमुळे नवीन पेशीत नोंद होत नाही आणि जुन्या चालू पेशी मरून जातात, म्हणून व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या व्हायरसचा आकडा, भराभर खाली येतो, बऱ्याच जणांचा दोन-तीन महिन्यातच सापडेनासा होतो.

पण काही पेशी झोपून राहतात. मेमरी पेशी असतात, त्यांचं कामच वर्षानुवर्षं गप्प पडून राहणं आहे, आणि त्यांच्यात नोंद झालेली असली तर ती पण गप्प पडून राहते. गोळीला तिथे धरायला काही नाही कारण तिथे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज पण चालू नाही आणि इंटिग्रेज पण नाही. हा साठा निम्मा व्हायला साधारण ४४ महिने लागतात असं निघालंय, त्यावरून शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला की नुसत्या गोळ्यांवर तो संपवायला ७३ वर्षं लागतील. म्हणून ही गोळी जन्मभर. बंद केली तर बहुतेकांच्यात दोन-तीन आठवड्यात व्हायरस परत दिसायला लागतो.

हे मी एवढं ताणून का सांगतेय तर आमच्याकडे रिपोर्टवर लोड सापडला नाही असं आलं की माणूस गावभर पेढे वाटल्यासारखा खूश होतो आणि गोळी सोडतो, आणि दुसरीकडे काढेवाले बाबा बसलेलेच असतात, आमच्या औषधाने एचआयव्ही निगेटिव्ह होतो म्हणून. त्यांची युक्ती माहितीय का, ते आधीच गोळीवर असलेल्या माणसाला गाठतात, लोडचा रिपोर्ट दाखवतात आणि श्रेय काढ्याला. माझ्या ओळखीतला एक दादा असाच गेला, शेत गहाण टाकून पैसे दिले होते.

जोडीदाराच्या बाबतीत मात्र ही गोळी खरंच पूर्ण मार्क घेते. लोड सापडत नसेल तर संबंधातून लागण होत नाही, हे कुणाचं मत म्हणून नाही सांगत, तपासलेलं आहे. एचपीटीएन ०५२ नावाचा मोठा अभ्यास झाला त्यात आपल्या पुण्याची जोडपी पण होती, २०११ ला निकाल आला की लवकर औषध चालू केलं तर जोडीदाराला लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. नंतर युरोपातल्या पार्टनर अभ्यासात पुरुष जोडप्यांनी कंडोम न वापरता ठेवलेले साधारण ७६,००० संबंध मोजले, लोड दाबलेल्या जोडीदाराकडून एकही लागण नाही, हे २०१९ ला छापून आलं. अट एकच, लोड खरंच खाली पाहिजे आणि खालीच राहिला पाहिजे, म्हणजे गोळी रोज. आपल्याकडे लोडची तपासणी गोळी चालू केल्यापासून सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा करतात, तारीख चुकवू नका, रिपोर्ट मागून घ्या आणि आकडा स्वतः वाचा.

बायकांसाठी वेगळं सांगते. २०१८ मध्ये बोट्सवानातून बातमी आली होती की डोल्युटेग्राविरवर असताना दिवस गेले तर बाळाच्या मेंदूत नाहीतर मणक्यात दोष येतो, ४२६ पैकी चार बाळं. तेव्हा बऱ्याच देशांनी तरुण बायकांना ही गोळी द्यायचीच थांबवली, म्हणजे पुरुषांना चांगलं औषध आणि बायकांना तीच जुनी स्वप्नंवाली गोळी. पुढे हजारो बाळंतपणं मोजली तेव्हा तो फरक विरून गेला, २०१९ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांना द्या म्हणून सांगितलं. तर कुणी जुनं वाचून घाबरवलं तर घाबरू नका. औषध न घेता आईकडून बाळाला जायची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, आईचं औषध नीट चालू असेल तर पाच टक्क्यांच्याही खाली. माझ्यासोबत नंबर लावणाऱ्या एका वहिनीची मुलगी आता शाळेत जाते, निगेटिव्ह.

तक्रारी आहेत का, आहेत. वजन वाढतं. दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात पण दिसलं की बायकांचं जास्त वाढतं, माझं पण वाढलंय, जुने ब्लाऊज सगळे उसवून परत शिवले, धंदाच तो असल्यामुळे खर्च नाही आला. काहींची झोप उडते, त्यांनी सकाळी घ्यावी. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन थोडं वर दिसतं त्यातलं काही डोल्युटेग्राविरमुळे नुसतं कागदावर वाढतं, किडनी खराब नसते, पण टेनोफोविरने किडनीला आणि हाडांना खरोखर त्रास होऊ शकतो, दोन्हीतला फरक डॉक्टरच सांगू शकतो म्हणून तपासणी टाळू नये. आणि ज्यांना बी प्रकारची कावीळ (हिपॅटायटिस बी) आहे त्यांनी तर गोळी मध्येच सोडायचीच नाही, यातली दोन औषधं त्या काविळीला पण दाबून ठेवतात, सोडली की ती कावीळ एकदम उसळते.

किंमत बघा. आपल्याला फुकट आहे म्हणून कळत नाही. २००० च्या आसपास तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००१ ला मुंबईच्या सिप्लाने, तेव्हा युसुफ हमीद त्यांचे प्रमुख, वर्षाला ३५० डॉलरमध्ये देतो म्हणून सांगितलं आणि परदेशी कंपन्यांची झोप उडाली. आपल्या सरकारने १ एप्रिल २००४ पासून फुकट वाटायला सुरुवात केली, मुंबईचं जेजे त्यात पहिल्या काही हॉस्पिटलांपैकी. तेव्हा सीडी४ बराच खाली गेल्याशिवाय देत नव्हते, २०१७ पासून टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच चालू. ही टीएलडी जगभरच्या सरकारी खरेदीत २०२३ ला वर्षाला ४५ डॉलरच्या पण खाली आली, आणि बनवणाऱ्या कंपन्या बहुतेक आपल्याच. वर्षाचे चार हजार रुपये पण नाहीत, माझ्या मोबाईलचा रिचार्ज आणि चहापाण्यात त्याच्याहून जास्त जातात.

सर्व्हिसला वेगळे स्टार द्यायचे तर साडेतीन. गोळी चांगली पण ती हातात पडण्याचा कारभार सेंटरप्रमाणे बदलतो. काउन्सेलर चांगली मिळाली तर नशीब, माझ्या वाट्याला आलेल्या ताई सोन्यासारख्या. पण मधे एका सेंटरला असताना तीन महिन्यांच्या ऐवजी दहा-दहा दिवसांच्या गोळ्या मोजून हातावर ठेवायचे, स्टॉक नाही म्हणे, दर वेळी धंदा बंद ठेवून गाडीभाडं घालायचं. २०२२ च्या जुलैमध्ये दिल्लीत नाकोच्या, म्हणजे एड्सचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ऑफिसबाहेर लोकं औषधांच्या तुटवड्यासाठी कितीतरी दिवस बसली होती ते उगाच नाही. जन्मभर चुकवायची नाही असं सांगता तर गोळी जन्मभर पोचवा पण. आणि एका दातांच्या दवाखान्यात मी खरं सांगितल्यावर आज खुर्ची बिघडलीय म्हणाले, माझ्यानंतरच्या माणसाला त्याच खुर्चीवर घेतलं. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, उपचार नाकारता येत नाही आणि तुमचं नाव कुणाला सांगता येत नाही, हे दवाखान्यांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलं पाहिजे. काही अडलं तर १०९७ ला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोला.

आता सगळे विचारतात की ते सहा महिन्यांतून एकदाचं इंजेक्शन कधी येणार. लेनाकापाविर त्याचं नाव. मी वर जे कोनासारखं खोकं म्हटलं ना, हे औषध त्या खोक्यालाच धरतं, म्हणजे टीएलडीपेक्षा पूर्ण वेगळी जागा. अमेरिकेत २०२२ ला जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी मंजूर झालं आणि जून २०२५ ला लागण झालेली नसलेल्यांना लागण टाळण्यासाठी. स्वस्तात बनवायचं लायसन्स मिळालेल्यांत आपल्या पुण्याची एम्क्युअर कंपनी पण आहे, आणि टाळण्यासाठीचं इंजेक्शन वर्षाला ४० डॉलरमध्ये २०२७ पासून द्यायचं दोन भारतीय कंपन्यांनी जाहीर केलंय. पण नीट वाचा, ते ४० डॉलरवालं लागण टाळण्यासाठी आहे, आपण जे आधीच पॉझिटिव्ह आहोत त्यांना एकटं लेनाकापाविर चालत नाही, वर सांगितलेलं तेच कारण, एकट्या औषधाला व्हायरस चुकवतो, जोडीला दुसरं तितकंच लांब टिकणारं औषध लागतं. तशी जोडी फुकटच्या सेंटरला येईपर्यंत टीएलडीच चालू ठेवायची आहे. आली की डबीचा प्रश्न पण सुटेल, तेव्हा नवीन रिव्ह्यू लिहीन.